बाजी ढेबेनं उघडलेला चिमटा

बाजी ढेबे हे त्याचं खरं नाव नाही आणि त्याच्या वस्तीचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेल. वयानं तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला 'बाबा' म्हणते, पण लिहिताना अहो-जाहो केलं की माणूस उगाच देव्हाऱ्यात जाऊन बसतो, आणि बाजी तिथे जरा जास्तच ऐसपैस बसेल अशी मला भीती आहे.

मी लता. भोरमधल्या एका बारा खाटांच्या खासगी दवाखान्यात सत्तावीस वर्षं सिस्टर होते, आता निवृत्त आहे. सत्तावीस वर्षांत तीन डॉक्टर आले. तिघांनाही मी आल्या आल्या एकच गोष्ट सांगितली, की पेशंटशी बोलत जा. तिघांनीही ती ऐकून घेतली आणि पुढे एक्स-रेशीच बोलत राहिले. तिसरे डॉक्टर शौनक. हुशार, हात हलका, पुण्याहून मोठी पदवी घेऊन आलेले. पेशंटच्या छातीत काय चाललंय हे त्यांना लगेच कळायचं. डोक्यात काय चाललंय हे विचारायची मात्र त्यांना कधी गरज वाटली नाही.

तर बाजी. गुंजवण्याच्या वर डांबरी रस्ता संपतो, मग कच्चा रस्ताही संपतो, आणि पुढे दीड तासाची उभी चढण चढलं की सहा घरांची धनगरवस्ती लागते. खालचं गाव धरणापायी हललं. वस्तीला कुणी हलवलं नाही, कारण ती कुणाच्या वाटेतच नव्हती. बाजीच्या दावणीला पाच म्हशी, तीन गाई, मागे शेळ्यांचा एक कळप, आणि या सगळ्यांना व बाजीला सांभाळणारी पारूबाई, त्याची बायको. पण बाजीचं नाव वेल्ह्यापर्यंत झालं ते म्हशींमुळे नाही, एका नळीमुळे झालं.

जनावरानं कोवळा ओला चारा अधाशासारखा खाल्ला की त्याच्या पोटात वारं धरतं. डावी कूस ढोलासारखी फुगते, जनावर खाली बसतं, आणि तासाभरात वारं मोकळं झालं नाही तर मरतं. बाजी तरुण असताना गुरांचे एक सरकारी डॉक्टर त्याला वाटाड्या म्हणून घेऊन दोन दिवस डोंगर फिरले होते. जाताना त्यांनी त्याला एक जुनी नळी दिली. बोटाएवढी पोकळ नळी आणि तिच्यात बसणारी टोकदार सळई. सळईसकट ती डाव्या कुशीत खुपसायची, सळई काढून घ्यायची, की नळीतून वारं फुस्सकन बाहेर. दोन दिवसांच्या त्या शिक्षणावर बाजीनं चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली. असं म्हटलेलं डॉक्टर शौनकना आवडायचं नाही, पण बाजीच्या हातून मेलेल्या जनावरांची संख्या मी विचारली आहे, आणि ती तीन आहे.

त्याची खरी करामत खुपसण्यात नव्हती. नळीच्या तोंडावर तो आंगठा धरायचा. थोडं वारं सोडायचा, दाबायचा, थांबायचा, पुन्हा थोडं सोडायचा. सगळं एकदम सोडलं तर जनावर जागीच कोसळतं, हे त्याला त्या पहिल्या तीनांनी शिकवलं होतं. "वारं सोडायचं, पर आंगठ्याखालनं," असं तो जमलेल्या लोकांना सांगायचा. लोक जमलेले असायचेच. नसले तर बाजी सळई पुसत बसायचा आणि जमेपर्यंत काही करायचा नाही. म्हैस तिकडे डोळे पांढरे करत असायची. त्याला पैसा नको असे, त्याला श्रोते हवे असत. आसपासच्या चार वस्त्यांवर जनावर बसलं की 'बाजीला हाक मारा' असं कुणीतरी ओरडावं, आणि ते ओरडणं त्याच्या कानावर पडावं, एवढ्यासाठी तो जगत होता. दुसरं काही त्याला मागताच येत नव्हतं.

त्याचा पुतण्या गेनू पस्तिशीचा झाला होता. पंधरा वर्षं त्यानं जनावराची शिंगं धरली. नळी काही काकानं एकदाही त्याच्या हातात दिली नाही. का, असं मी पुढे एकदा विचारलं, तेव्हा बाजी म्हणाला की त्याचा आंगठा बारीक आहे.

गेल्या वर्षी ज्येष्ठापासून बाजीला दम लागायला लागला. चढण चढताना तो दोनदा बसायचा, मग चारदा. पारूबाईनं विचारलं तर म्हणायचा, डोंगर वाढलाय. पारूबाई हे सांगताना अजूनही हसते. दोन महिने तो वस्तीला हे ऐकवत होता की माती वाहून आल्यानं चढ उभा झालाय, आणि दोघाचौघांना ते पटलंही होतं. शेवटी भाद्रपदात डाव्या कुशीवर झोपल्याशिवाय श्वासच घेता येईना, तेव्हा खाली वरवे बुद्रुकला दिलेली मुलगी वर्षाराणी वर आली. तिनं बापाला घोंगडीच्या झोळीत घालून खाली उतरवलं आणि टेम्पोनं भोरला आणलं.

एक्स-रेमध्ये डावी छाती अर्ध्याच्या वर पांढरी. फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं आणि त्याखाली फुप्फुस चोळामोळा होऊन बसलं होतं. क्षयाचं पाणी असावं असा डॉक्टरांचा अंदाज होता आणि पुढे तो खरा ठरला. त्यांनी बरगड्यांच्या मधून नळी घातली आणि ती खाली जमिनीवर ठेवलेल्या बाटलीला जोडली. डाव्या कुशीत नळी जाताना बाजीनं मान वळवून सगळं नीट पाहिलं. मग त्यानं मत दिलं की जागा एक बोट वर धरली आहे, पण चालेल.

दीड लिटर पाणी आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, क्लॅम्प करा, आजला एवढं पुरे. मी नळीला चिमटा लावला. कारण मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. महिनोन्‌महिने दबून राहिलेलं फुप्फुस एकदम उघडलं की त्याच्या आतच पाणी उतरतं आणि माणूस स्वतःच्या छातीत बुडतो. म्हणून थोडं काढायचं, चिमटा लावायचा, थांबायचं, पुन्हा थोडं काढायचं.

बाजीनं विचारलं, "बंद का केलं? आजून हाय की आत."

डॉक्टर एक्स-रेकडे पाहत म्हणाले, "सगळं पाणी निघालं की तुम्हाला घरी सोडू." आणि ते गेले.

मग त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. हे आमचं ठेवणीतलं उत्तर. सत्तावीस वर्षांत ते मी दहा हजार वेळा दिलं असेल, आणि दरवेळी माणूस गप्प बसतो, म्हणजे त्याला कळलं असं आम्ही धरतो. चिमट्याला हात लावू नका, एवढंही मी म्हटलं नाही. तेव्हा गणपती बसलेले होते, दवाखान्याच्या दारातल्या मखरात आरतीची तयारी चालली होती आणि तबकात कापूर ठेवायचा राहिला होता. सांगू मागाहून, असं माझ्या मनात होतं. मनात होतं हे मी शपथेवर सांगते, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही हेही सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारची आरती. डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे मखरापुढे. पुढचं मला शेजारच्या खाटेवरच्या माणसानं सांगितलं. ते निवृत्त एस.टी. कंडक्टर होते, पाय मोडून पडले होते, आणि घडलेली गोष्ट थांब्याथांब्यानं सांगायची त्यांना सवय होती.

बाजीचा मोबाईल वाजला. वरून पारूबाई. त्यांची दुसऱ्या वेताची म्हैस फुगून खाली बसली होती, आणि बाजी नव्हता म्हणून गेनूनं नळी हातात घेतली होती. पंधरा वर्षांनी पहिल्यांदा. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे लोक जमले होते. पारूबाईनं फोन गेनूच्या कानाला लावला.

बाजी खाटेवर उठून बसला. तिकडे आरतीचा गजर चालू होता, त्यामुळे तो ओरडून बोलत होता. कंडक्टर म्हणाले, म्हातारा असा काही सांगत होता की मलासुद्धा म्हैस टोचता आली असती. कुठं चार बोटं मोजायची, कुठं जोर द्यायचा. गेनूनं नळी घातली. वारं सुटल्याचा आवाज फोनमधून बाजीला आला.

"आंगठा ठेव," बाजी ओरडला. "आंगठा काढू नगंस. हळू. थोडं सोड, दाब. आता पुन्ना सोड. एकदम सोडशील तर मरंल ती, गेन्या."

आणि हे बोलत असतानाच त्यानं मोकळ्या हातानं नळीवरचा चिमटा उघडून टाकला. पुरा.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. ती अशी खाटेवर बसलेली मी कधी पाहिली नव्हती. पण बाजीचा हिशेब अगदी सरळ होता. त्याला दवाखान्यात एकच वाक्य सांगितलं गेलं होतं, की सगळं पाणी निघालं की घरी. वर त्याची म्हैस बसली होती, त्याची नळी दुसऱ्याच्या हातात होती, लोक जमले होते आणि हाक गेनूला गेली होती. पाणी निघालं की तो सुटणार होता. त्यानं पाण्याला वाट करून दिली. म्हशीचं वारं आणि आपलं पाणी यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं त्याच्या मनातही आलं नाही, आणि तो आहे असं सांगणारं जे माणूस होतं, ते टाळ वाजवत होतं.

आरती करून मी आत आले तेव्हा बाटली काठोकाठ भरून जमिनीवर पाणी आलं होतं. बाजी खोकत होता. एकामागून एक, न थांबता. तोंडाशी गुलाबी फेस आला होता, ओठ निळे पडले होते. हातात अजून मोबाईल होता आणि त्यातून पारूबाई सांगत होती की म्हैस उठली.

डॉक्टर शौनक धावत आले. त्या दोन दिवसांत त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांच्या विरोधात एक शब्द लिहिणार नाही. तोंडावर घट्ट मास्क, मशीननं ऑक्सिजन, इंजेक्शनं, आणि खुर्ची खाटेला लावून ते तिथेच बसले. माणूस मरायला लागला की आमचे डॉक्टर फार चांगले असतात.

तिसऱ्या दिवशी बाजीचा मास्क निघाला, साधी नळी नाकाला लागली, आणि डॉक्टर फाईल घेऊन आले. वर्षाराणी बापाच्या पायाशी उभी होती. तिनं विचारलं होतं की असं कसं झालं, आणि तिच्याबरोबर तिचा नवरा आणि त्याच्या कंपनीतले दोघंजण आले होते, शर्ट इन केलेले. डॉक्टर माझ्याकडे वळले.

"सिस्टर, चिमटा का लावलाय याची कल्पना तुम्ही पेशंटला दिली होती ना?"

मी म्हटलं, "हो."

इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. मला निवृत्तीला आठ महिने राहिले होते. एवढंच कारण होतं आणि ते पुरेसं होतं. कल्पना त्यांनीही दिली नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. आम्ही दोघं एकमेकांकडे सभ्यपणे पाहत होतो. मग डॉक्टरांनी बाजीला विचारलं.

बाजीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग जावयाकडे, मग त्या दोघांकडे, मग शेजारच्या कंडक्टरकडे. हा आता 'नाही सांगितलं' म्हणणार, आणि का म्हणू नये?

"व्हय," बाजी म्हणाला. "शिस्टरनं सांगितलं व्हतं. म्याच आयकलं न्हाई."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. सूचना देऊनही पेशंटनं नळी स्वतः उघडली. खाली बाजीचा आंगठा उठवला, उजव्या हाताचा, चांगला जाड.

त्या दिवसापासून मी त्याला देवमाणूस समजायला लागले. मला वाचवायला हा खोटं बोलला, आपल्या जिवावर बेतलं असताना. मी घरून त्याच्यासाठी शिरा नेला, उकडीचे मोदक नेले. तो ते शांतपणे खायचा आणि गूळ कमी आहे म्हणायचा. रोज घरी जाताना वाटायचं, डॉक्टरांना सांगून टाकावं. आणि रोज दारापर्यंत पोचता पोचता ते वाटणं बंद व्हायचं.

पुढचं दुखणं लांबलं. नळी फार दिवस आत राहिली की पू होतो, हे पुस्तकात आहे, आणि बाजीला तो झाला. पण पारूबाईनं वरून येताना देवाचा भंडारा आणला होता आणि आम्ही नाही पाहून पट्टीच्या कडेनं जखमेवर चिमूटभर दाबला होता. डॉक्टरांना ती पिवळी कड दिसली आणि पुस्तक एकदम गरजेचं उरलं नाही. ते पारूबाईला बोल बोल बोलले. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मला हळूच विचारलं की भंडारा लावल्यावरच ताप उतरला, हे डॉक्टरला कोण सांगणार.

दुसरी नळी, मग तिसरी, मग कमरेला लटकवायची पिशवी. सहा आठवडे. शेवटी पू थांबला, क्षयाच्या गोळ्या लागू पडल्या, ताप गेला. पण त्या फुप्फुसाभोवती जाड साल धरली होती आणि ते काही पुरतं उघडलं नाही. पुण्याला मोठं ऑपरेशन करून ती साल सोलता येते. बाजीला ते सांगितलं, या वेळी मी स्वतः बसून सांगितलं, चित्र काढून सांगितलं. त्यानं नको म्हटलं. चाळीस पावलं चाललं की तो बसायचा. दीड तासाची चढण हा विषय संपला होता. वर्षाराणी त्याला वरव्याला घेऊन गेली.

मी निवृत्त झाले वैशाखात. त्यानंतरच्या रविवारी वरव्याला गेले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात ते सात-आठ महिने पडलेलं होतं आणि झोप येत नव्हती. आता नोकरीची भीती उरली नव्हती, म्हणजे खरं बोलायला मोठं धैर्य लागणार नव्हतं. ते मला चांगलं माहीत होतं. तरी साडी चांगली नेसून गेले.

पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे पडवी. पलीकडे रस्ता आणि त्यावरून कंपन्यांकडे जाणारे ट्रक. पडवीत बाजी घोंगडीवर बसला होता. शेजारी उशीवर ठेवावा तसा मोबाईल. माणूस निम्मा झाला होता. वर्षाराणी चहा ठेवायला आत गेली. पारूबाई वरच होती, जनावरं कोण बघणार?

मी लगेच विषयाला हात घातला, नाहीतर धीर सुटला असता. म्हटलं, "बाबा, चिमटा का लावलाय ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

"सांगितलं न्हवतं, ठावं हाय की," तो म्हणाला. "म्या काय भयरा न्हाई."

मग त्यानं दम घेतला. त्याला आता दर वाक्यामागे तो घ्यावा लागतो.

"पर तुमच्यासाठी न्हाई बोललो, बाई. तुमी उगा शिरा आणला. आसं बगा. न्हाई सांगितलं म्हणलो असतो, तर लोक काय म्हणले असते? म्हणले असते, बाज्याला ठाऊक न्हवतं. चाळीस वरसं दुसऱ्याच्या म्हशीला आंगठा लावून हळू हळू म्हणला, आन सवताच्या कुशीतली नळी आली तवा ह्याला कळलं न्हाई. आयकलं न्हाई म्हणलं की गडी हट्टी. कळलं न्हाई म्हणलं की गडी येडा. हट्ट्याला लोक हाक मारत्यात."

मी क्षमा मागायला गेले होते आणि त्या सगळ्या भानगडीत मी कुठे नव्हतेच. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. मी पदरानं चष्मा पुसला. विचारू नये ते विचारलं, "मग येते का हाक?"

त्यानं मोबाईल सरळ करून ठेवला. "हितं रेंज कमी येती," तो म्हणाला.

रेंज चांगली होती. माझ्याच फोनवर चार काड्या दिसत होत्या.

तेवढ्यात पडवीशी टेम्पो थांबला आणि वस्तीवरची पाचसहा माणसं उतरली. नसरापूरच्या बाजाराला आली होती, काकाला भेटून जाऊ म्हणून वाकडी वाट केली होती. पुढे गेनू. तो पाया पडला. त्याच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि तीतून नळीचं टोक बाहेर डोकावत होतं. बाजीनं ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. कुणीतरी सांगितलं की गेल्या दोन महिन्यांत गेनूनं चार जनावरं उठवली, पार पलीकडच्या खोऱ्यातनं हाक येते. बाजी म्हणाला, चांगलं हाय. मग तो म्हणाला, आंगठा बारीक आहे तरी. कुणी हसलं नाही.

चहा आला. बोलणं कुठेतरी जायला हवं म्हणून ते दवाखान्याकडे गेलं. वस्तीवर ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती, आणि माझ्यासमोर तीच पुन्हा सुरू झाली. म्हैस बसली, फोन आला, काकानं फोनवर सगळं सांगितलं, तिकडे म्हैस उठली आणि इकडे काकानं आपल्या हातानं आपली नळी मोकळी केली. डॉक्टरनं बजावलं होतं, सिस्टरनं बजावलं होतं, मरशील म्हणून सांगितलं होतं. तरी म्हशीसाठी जिवावर उदार झाला. वस्तीवर ती गोष्ट चांगली वाढली होती. माझ्या तोंडी तीन-चार वाक्यं आली होती आणि ती मी म्हणायला हवी होती तशीच होती.

त्यांच्यात एक म्हातारा होता, पलीकडच्या वस्तीचा. त्यानं बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मला मातुर ह्ये पटत न्हाई. बाजीला सांगितलं असतं तर त्यानं उघडलं नसतं. हळू सोडायचं ह्ये त्याच्यापरीस कुणाला ठावं? सांगितलंच नसंल कुणी. ह्याला उमगलं न्हाई, एवढंच."

सगळा डोंगर धुंडाळून शहाणा माणूस एकच निघावा आणि तो आजच यावा.

गेनू माझ्याकडे वळला. "शिस्टर हितंच हायती की. बाई, तुमी सांगा. सांगितलं व्हतं का काकाला?"

बाजी माझ्याकडे पाहत नव्हता. कपातल्या चहाकडे पाहत होता आणि त्याच्या छातीवरचं पंच्याचं टोक हलायचं थांबलं होतं. खरं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. तेच सांगायला मी चांगली साडी नेसून आले होते. माझी नोकरी आता जाणार नव्हती, डॉक्टर तिथे नव्हते, मला कशाचीही भीती नव्हती.

"दोनदा सांगितलं होतं," मी म्हटलं. "नळीवर हात ठेवून सांगितलं होतं. हळूहळू सोडायचं असतं, एकदम सोडलं तर जीव जाईल. मला म्हणाले, ते मला नका शिकवू."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पटल्यासारखी मान हलवली. गेनू हसला. बाजीनं कप खाली ठेवला, पाठ भिंतीला लावून सरळ बसला आणि जमलेल्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"आन मग म्या आयकलं का?" त्यानं विचारलं.

"न्हाई," सगळे एकदम म्हणाले.

बाजी हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. तो थांबेना, तेव्हा मी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग बराच वेळ त्याला बोलता आलं नाही, आणि माणसं त्याच्यासाठी थांबून राहिली.